गळाला लागलेली मरळ

दुष्काळात सरकारी माणसाला सगळ्यात आधी काय दिसतं, सांगू? मासा. हसू नका, मी तिथं उभा होतो.

लिंबागणेशच्या पुढं एका पाझर तलावात गुडघाभर हिरवं पाणी उरलं होतं. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नव्हती. आमच्या गावाला टँकर हवा होता. पाहणीला आलेले साहेब बांधावरूनच म्हणाले, "तळ्यात मासे जगत असतील तर पाणी आहे. मग टँकर कशाला?"

मी भांडायला तोंड उघडलं, तेवढ्यात मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननं माझा हात दाबला. साहेबांना मासेमारीची शंका येऊ नये म्हणून सोसायटीची जाळी त्यानं सकाळीच लपवली होती. पण हाकेच्या अंतरावर, तळ्यातल्या उंचवट्यावर, किसनमामा भोई गळ टाकून बसले होते.

"म्हाताऱ्याला कुणीच सांगितलं न्हाई काय रं?" चेअरमन पुटपुटला.

आणि मामांची काठी वाकली. हातभर मरळ असावी. बांधावर कुणी श्वास घेईना.

"लागला! ओढा बाबा, ओढा!" साहेब ओरडले.

मामांनी साहेबांकडं बघितलं, बांधावर रिकाम्या घागरी घेऊन उभ्या बायांकडं बघितलं आणि दोरा दातांनी तोडला.

"अहो, सोडला कशाला मासा?" माझ्याच तोंडून निघालं.

"कंचा मासा?" मामा माझ्यावर डाफरले. "ह्या तळ्यात मासा हाय का, साहेब?"

साहेबांनी त्या रिकाम्या घागरींकडं बघितलं.

"मला तरी दिसला नाही," ते म्हणाले. "टँकर उद्या येईल."