फार शांत बोलणारा मास्तर

हसू नका, पण कोरमंगलाच्या पीजीत मी तीन महिने गिटारवर एकच सोलो घोटत होते, ऑफिसच्या बँडसाठी. टोन एकदम क्लीन ठेवायचा होता, त्यामुळे एक बोट चुकलं तरी लपायला जागा नाही. शिकत होते बँडने पाठवलेल्या व्हिडिओवरून. त्यातला मास्तर इतका संथ, इतका शांत बोलायचा, की मी आईला फोनवर म्हटलंसुद्धा, "शिकवणाऱ्याकडे असा संयम पाहिजे."

मग बँडबरोबर माझी पहिली रिहर्सल झाली. माझा सोलो अर्ध्यावर होता, तोवर बाकीचे पुढच्या कडव्यात पोचले. सगळे थांबले. मी म्हटलं, "तुम्ही फार पळवताय." कीबोर्डवाल्या जोसेफने फोनवर तोच व्हिडिओ लावला. माझा मास्तर रिक्षावाल्याशी भांडल्यासारखा भराभरा बोलत होता.

तेव्हा आठवलं. पहिल्याच दिवशी मी व्हिडिओचा वेग कमी केला होता, आणि लॅपटॉपवरचा टॅब मी कधीच बंद करत नाही.

कार्यक्रमाला चार दिवस उरले होते. आता हे दुसरं कोणीतरी शोधणार, असं धरून मी गिटार बॅगेत घालायला लागले. तेवढ्यात ड्रमवरचा मंजुनाथ घाम पुसत त्याच्या कानडी-हिंदीत म्हणाला, "स्वल्प इसके स्पीड में करते हैं ना. दो महीने से मेरे हाथ दुख रहे हैं."

माझा जीव भांड्यात पडला. बाकीच्यांनी लगोलग माना डोलावल्या. त्या दिवशी मूळ वेगात झालेली तेवढी एकच गोष्ट.