मारुतीपुढचा सव्वा महिना

माहा जन्म अकोल्याच्या अल्याड, मोर्णेकाठच्या एका लहान्या खेड्यातला. बाप कास्तकार, आजा कास्तकार, मीबी कास्तकार, दुसरं काई येतच नाई आमाले. सखाराम माहा शेजारी, बांधाले बांध लागून, लय सादा माणूस.

काय सांगू बापू तुमाले, त्या सालात कापसाले असा भाव आला का लोकं पागल झाले. कुठं तरी दूर लढाई लागली होती म्हणे, म्हणून विलायतेले आमचा कापूस पाह्यजे. एकानं त बैलाच्या शिंगाले चांदी मढवली. मंग माहीबी नियत फिरली. सखारामचा अन माहा कापूस एकाच गाडीत भरला होता. तो घरी जेवाले गेला तसं मीनं मधात दोन घागरी पाणी मारलं, वजन वाढावं म्हणून. अकोल्यात व्यापाऱ्यानं हात घातला अन तिथंच ओरडला, कापूस ओला हाये. आता पाणी कोणी मारलं, मीनं का सखारामनं, हे गावाले कसं कळावं?

पाटलानं दोघाले मारुतीच्या पारावर उभं केलं. आमच्याकडं रीत अशी का मारुतीवर हात ठेवाचा, शपथ घ्याची, अन सव्वा महिना थांबाचं. त्यात ज्याच्या घरी वाईट होईन तो खोटा. सखारामनं हात ठेवला. मीनंबी ठेवला. पाणी मीनं नाई मारलं, अशी शपथ घेतली.

आठ दिवस अन्न गोड नाई लागलं. पोरगी शिंकली तरी उठून तिच्या आंगाले हात लावून पाहो. मंग पंधरा दिवस गेले, काईच नाई. मी मनात म्हणलो, हात् तिच्या, देवळात त निस्ता गोटा हाये.

अन विसाव्या दिवशी सखारामचा बैल मेला. कवळी ज्वारी खाऊन फुगला होता, मीनं सोता पाह्यलं. पण गाव म्हणे, झाला निवाडा. त्याच्या हातचं पाणी बंद, पोरीची सोयरीक मोडली. सखाराम ओट्यावर बसून राहे. माह्याच्यानं ते पाहवलं नाई बापू.

गेलो पाटलाकडं. चार माणसाईत सांगतलं, पाणी मीनं मारलं, मले काय शिक्षा देयाची ते द्या. पाटील हासला. म्हणे, काहून खोटं बोलून राह्यला बावा, तुहे बैल त धडधाकट हायेत. दुसरा म्हणे, शेजाऱ्यासाठी सोतावर आळ घेते, देवमाणूस हाये. मी ओरडलो, घागर आणून दाखवली, माह्या पोरीची आन घेतली. जितकं खरं सांगो तितकं माहं नाव मोठं होये.

आता म्हातारा झालो, पण दुखणं म्हणून माहीत नाई. लोकं म्हणतात, मारुतीची किरपा.

सखाराम अजूनबी दर शनवारी तेल घेऊन जाते, पायरीखालूनच, वर चढू देत नाईत त्याले. एकडाव मी चिडलो, अरे ज्यानं तुह्यावर खोटी साक्ष देल्ली त्यालेच तेल वाह्यतं? तो म्हणे, मंग कोणाकडं जाऊ? खरं तुले अन त्यालेच मालूम हाये. तू त सांगून टाकलं. आता तो कवा बोलते ते पाहून राह्यलो.

देव हाये का नाई, मले माहीत नाई बाप्पा. सखारामचा हात थरथरते आता, म्हणून तेलाची वाटी मी धरतो.