आत गेलं, पण पोचलं नाही

हॅलो?… कोण?… अगं बारके, तू होय! नाव वाचता नाही आलं… नाही गं, दुकानाच्या दारात बसलेय ना, उन्हात स्क्रीन नुसती चमकते… बोल. प्रयोगशाळेतूनच बोलतेयस?… मग भर दुपारी कशी काय आठवण?

…रडतेयस का?

नाही काय! नाक चोंदलंय तुझं. काय झालं?… हो, हो… अगं ऐक ना, जरा थांब, काही ऐकू येत नाहीये. अहो! दोन मिनिटं मशीन बंद करा, बारकीचा फोन आहे… हां. आता बोल.

निकाल आला… कसला? माझ्या डोळ्यांच्या औषधाचा?… बरं… बरं… थांब, थांब. सोपं करून सांग. मी शिंपीण आहे, तुझ्यासारखी शिकलेली नाही. मला एवढंच कळलंय, की बाबांच्या डोळ्यांत जे झालं तेच माझ्या. मागच्या पेशी आतून गंजत जातात. गंज थांबवणारं औषध आहे, पण ते पेशीच्या आत शिरत नाही. म्हणून तू त्याला चरबीच्या इवल्याशा गोळीत गुंडाळलंस. बरोबर?… आणि गेल्या वर्षी ते आत गेलं. तूच फोटो पाठवलेलास, हिरवे हिरवे ठिपके. मी फोन अगदी नाकाला लावून पाहिलेला.

मग?… आत जातंय. पण?

कसली पिशवी?… पेशीचीच?… म्हणजे खिसा म्हण ना. बरं, गोळी आली की पेशी ती खिशात टाकते. आणि?… बाहेर काढतच नाही?… खिशातच जिरवून टाकते? सगळी?… शंभरातली एखाददुसरी सुटते. आणि जिथे गंज चढतो, तिथवर किती पोचतं?

काहीच नाही म्हण. 'जवळजवळ' कशाला लावतेस?

मग ते हिरवे ठिपके…

खिसेच होते ते.

…ऐकतेय. आहे, आहे, फोन नाही कट झाला.

अगं, मग खिसा उसवेल असं काहीतरी घालायचं गोळीत… घातलंस? तीन तऱ्हेचं?… आणि?… पेशीच मेल्या. हं. खिसा उसवायला जावं तर कापडच फाटतं… थट्टा नाही गं करत. मला असंच समजतं.

अजून किती वर्षं?… सरांना काय वाटतं ते नको सांगू. तुला काय वाटतं?… आठ… दहा. आणि तेही आधी उंदराच्या डोळ्यात.

बरं.

…अगं, बरं नको म्हणू तर काय म्हणू?

माझं काय, चाललंय. टिपा मारतेय… खोटं? कोण म्हणालं खोटं?… तुझ्या भावोजींनी फोन केलेला? कधी?… मला न सांगता! काय काय सांगितलं यांनी?… हो, सुई गेली नखातून. जखम भरली, बोट शाबूत आहे… तेही सांगितलं? हो, परत आले. शाळेचे चाळीस सदरे, पांढऱ्या कापडावर निळा दोरा. मला वाटलं पांढराच भरलाय. मुख्याध्यापिका चांगल्या आहेत, म्हणाल्या, घाईत झालं असेल. घाई कसली, आठवडाभर शिवत होते… नाही, आता शिवतात हेच. कापतातही हेच. मी काजं… काजंही नाही गं. मी बटणं निवडते. बटणं हाताला कळतात.

तू माफी कशाची मागतेस?… कुठलं थांब म्हणालीस?…

हो. सोडली ती प्रशिक्षणाची जागा. मिळाली होती मला. काठी घेऊन चालायला शिकवतात, बोटांनी वाचायला शिकवतात. वर्षाला बाराच जण घेतात, त्यात माझं नाव लागलेलं. तू म्हणालीस, ताई, आत्ताच कशाला काठी धरतेस, औषध आत गेलंय, दोन वर्षं थांब. थांबले मी… छे, जबरदस्ती कुठे केलीस? मलाच तर ते ऐकायचं होतं.

पण तू ते म्हणायला नको होतंस, बारके.

…परत कुठलं! पंचेचाळीसच्या पुढे घेत नाहीत. मला सेहेचाळीस लागलं. विचारून आले मी गेल्या महिन्यात, यांना बाहेर उभं करून.

काय सोडतेस? काम?… मला नको विचारूस… नको विचारूस म्हणते ना! एरवी मी म्हटलं असतं, वेड लागलंय का, कर पुन्हा. आज नाही येत तोंडातून. दर खेपेला तू रडतेस आणि मी तुला समजावते. डोळे माझे जाताहेत गं. आणि धीर पण मीच द्यायचा?

 

…रविवारी?… ये की. ये. पण त्याआधी एक सांगून टाकते. मागच्या वेळी आलीस तेव्हा विचारलंस ना, ताई, केस कापलेत, कसे दिसतात? आणि मी म्हटलं, छान. मला दिसलेच नव्हते. तुझं तोंडही अख्खं दिसत नव्हतं. एवढंसं भोक राहिलेलं मधे, त्यातून कधी तुझं नाक दिसे, कधी एक डोळा. मी आपली मनात जोडत बसलेले. आणि आता त्या भोकातही धूर भरल्यासारखं… नको, नको रडू. नाही, राग नाही आला… असेल थोडा. तुझ्यावरच का ते मला माहीत नाही.

ठेवते हं आता. गिऱ्हाईक आलंय दारात… हो, हो… करते नंतर…

नाही गं. कोणी आलेलं नाही. खोटं कशाला बोलू तुझ्याशी? नुसतं ठेवावंसं वाटतंय…

ठेवते.