सासऱ्यांच्या अ‍ॅम्पचं घूंऽऽ

…आणि मी काय म्हणावं? "हो बाबा, येतंय की ऐकू!" अहो, आवाज मीच बंद केलेला, आणि मीच म्हणतेय ऐकू येतंय! पण तुम्हाला सांगते, माझा हेतू चांगला होता हो!

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांचा गिटारचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, जुन्या रेडिओसारखा व्हॉल्व्हवाला, त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतला. बटण दाबलं की गिटारला हात लागायच्या आधी हाच सुरू… घूंऽऽऽ! भिंतीपलीकडे माझी लेक झोपलेली. तिने नुसती कूस बदलली तरी मला वाटायचं, झालं, घूं मेंदूत शिरलं! बरं, मी शिकलेय काय? इलेक्ट्रॉनिक्स! पदवी कपाटात, मी लंगोट वाळत घालतेय आणि घरात घूं? शोभतं का?

बाबा त्यांच्या बहिणीकडे गेले नि मी अ‍ॅम्प उघडला. प्लग काढून, आत साठलेली वीज उतरवून… आई आहे मी आता, उगाच कशाला! बघते तर काय, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या तारा मोकळ्या केसांसारख्या पसरलेल्या, थेट गिटारचा आवाज आत आणणाऱ्या वायरला खेटून! घूं करणार नाही तर काय? घातली घट्ट वेणी, नेली कोपऱ्याकोपऱ्यातून, दोन रेझिस्टर लावून अर्थिंग दिलं. चालू केला… चिडीचूप! खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

बाबा आले. बटण दाबलं. थांबले. एक कान लावला, दुसरा लावला. सांगणारच होते हो मी! पण ते इतकं हळू म्हणाले, "माझ्या कानांतून खालचे सूर गेले वाटतं गं… तुला येतंय ना घूं ऐकू?" आणि माझ्या तोंडून ते 'हो' निसटलं! गिटार गेली कपाटावर. हेतू चांगला होता म्हणून बघवतं का ते?

शेवटी कानाचे डॉक्टर. लेक माझ्या कडेवर. तपासून डॉक्टर म्हणतात, "काका, कान उत्तम आहेत तुमचे!" बाबा खूश होतील की नाही? छे! "मग हिला ऐकू येतं ते घूं मला का येत नाही?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "सारखं घूं ऐकू येतं तुम्हाला? बाळंतपणानंतर सुरू झालं का? बसा बघू." आणि घातला की हेडफोन माझ्या डोक्यात!

"डॉक्टर, मला घूं-बिं काही ऐकू येत नाही!" मी ओरडले. "बाबा, वेणी मी घातली! आतल्या तारांची! हेतू चांगला होता हो!"

बाबा म्हणाले, "म्हणजे मी बहिरा नाही?" आणि असे हसले की लेक दचकून रडायला लागली. मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय! "घरी चल," म्हणाले, "आणि वेणी सोड. त्या घूंवर गिटारची तार जुळवतो मी. इतकी वर्षं!"

आता बसलेय पक्कड घेऊन, तारा विस्कटत. बाबा डोक्यावर उभे. "अंहं, हे घूं नाही ते… जरा अजून वाईट कर!" आयुष्यात एक काम बिनचूक केलं होतं हो… आता ते बिनचूक बिघडवूनही हवंय!