फाइल मिळाली, छान आहे, पण…

…म्हणजे तिसऱ्यांदा परत आली हो फाइल, आणि मी काय निष्काळजी माणूस आहे का, तुम्हीच सांगा. एकतीस वर्षं रोज डायरी लिहितोय, एका दिवसाचा खाडा नाही, दूध किती वाजता उतू गेलं तेसुद्धा माझ्याकडे लिहिलेलं सापडेल, आणि अशा माणसाची फाइल परत येते? आणि दर वेळी खाली तीच ओळ. 'नमस्कार. फाइल मिळाली. छान आहे. पण…'

अहो, छान आहे तर छापा ना. पण कसला?

थांबा, मी मधूनच सुरू केलं. तुम्ही सगळे आत्याच्या पुस्तकासाठी आलात, आत्या ती काय पुढे बसलीय, गळ्यात टेप अडकवून. ती टेप तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय, कारण इथल्या निम्म्या लोकांचं पहिलं झबलं तिनंच शिवलंय. चाळीस वर्षं दुकान चालवलं. सगळी मापं खाकी कागदावर कापून खिळ्याला टांगलेली… गळे, बाह्या, टोपरी, खिसे. लिहिलेलं एक अक्षर नाही. आणि मग डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मधलं दिसणं हळूहळू जाणार, काय बारीक काम करायचं ते पाच-सहा महिन्यांत उरकून घ्या. दुसरं कोणी असतं तर रडलं असतं. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "बाळ्या, तू सारखा काहीतरी लिहीत असतोस. एकदा कामाचं लिही."

बावन्न वर्षांचा आहे मी. बाळ्या.

तर लिहिलं. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. तिची एकच अट होती, पुस्तक तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. कुणी वाचून दाखवलेलं चालणार नाही. मला वाटलं, लिहून झालं म्हणजे संपलं, छापायला काय लागतं, बटण दाबायचं… तुम्हाला सांगतो, लिहिणं हा त्यातला सुट्टीचा भाग होता.

पहिली फाइल पाठवली. कॉम्प्युटर मी माझा मीच शिकलोय, वहीत प्रत्येक पायरी लिहून. दोन दिवसांनी छापखान्यातल्या फाइल तपासणाऱ्या बाईंचं उत्तर. नमस्कार, फाइल मिळाली, छान आहे, पण… पण त्यांच्या यंत्रावर अक्षरं फुटली होती. सगळ्या मात्रा एकीकडे आणि व्यंजनं दुसरीकडे, जसं काही भांडण झालंय. का, तर मी जो फॉन्ट वापरला तो माझ्या घरी होता, त्यांच्याकडे नव्हता. फॉन्ट फाइलच्या पोटात घालून पाठवायचा म्हणे. आता पाहुण्यानं येताना स्वतःची गादी घेऊन यावं, तसला प्रकार. पण घातला. वहीत लिहिलं, पायरी सतरावी, फॉन्ट पोटात.

दुसरी फाइल. नमस्कार, मिळाली, छान आहे, पण… आत्याचा फोटो. मोबाईलवर इतका गोड दिसत होता, आणि बाई म्हणतात छापल्यावर आत्याबाईंच्या चेहऱ्याच्या विटा दिसतील. विटा! एका इंचात तीनशे ठिपके हवेत, तुमच्यात बहात्तर आहेत. आता ठिपके मी कुठून आणू? शेवटी आत्याला परत खिडकीपाशी बसवलं आणि चांगल्या कॅमेऱ्यानं फोटो काढला. ती म्हणाली, आधीच्या फोटोत मी तरुण दिसत होते. आत्या, तुझे ठिपके कमी होते म्हणून.

मग ही तिसरी. तोवर दोन महिने गेले होते. आत्या सुईत दोरा ओवताना आता आधी बोटानं भोक चाचपायची, आणि मला विचारायची नाही, नुसती बघायची. म्हणजे माझ्या दिशेनं बघायची. आणि इकडे बाईंचं, 'छान आहे, पण…' काय, तर मुखपृष्ठाचा निळा रंग पानाच्या कडेला संपतोय. मी म्हणतो, मग कुठे संपावा? तर कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर. बाहेर! जे कापून केराच्या टोपलीत जाणार, तिथे रंग भरा म्हणे. मी एवढा चिडलो, पट्टी घेतली आणि स्क्रीनलाच लावली, तीन मिलिमीटर म्हणजे असे किती ते बघायला. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. कप टेबलावर ठेवत म्हणाली, "अहो, शर्टाचं माप घेताय का त्याच्या?"

बाईंना 'पणबाई' हे नाव तिनंच ठेवलं. बाई, माफ करा, आमच्या घरात तुम्ही पणबाईच आहात.

मी आत्याकडे गेलो, तक्रार करायला. म्हटलं बघ, फेकून द्यायच्या जागेत रंग मागते ही बाई. आत्या म्हणाली, "बरोबर आहे की. शिलाईला जास्तीच्या कापडाची माया सोडतो, तशी कापायला सोडायची. कात्री इकडची तिकडे झाली तर पांढरं दिसेल ना?" आणि वर म्हणे ही बाई हातानं काम केलेली दिसते, तिचं ऐक. एका वाक्यात! मी चार दिवस त्यावर वाचत होतो, आणि जिनं आयुष्यात कॉम्प्युटरला हात लावला नाही तिला एका वाक्यात कळलं.

चौथी फाइल… होय, चौथी. या वेळचा 'पण' असा, की अक्षरं शिवणीच्या फार जवळ आहेत, पुस्तक बांधल्यावर आतल्या घडीत जातील, आतला समास वाढवा. आता इथे, तुम्हाला सांगतो, माझी हुशारी जागी झाली. एकशेएकसष्ट पानं, एकेक कोण बसून सरकवणार? मी एक बटण शोधून काढलं. सगळी पानं एका फटक्यात शेकडा पाच लहान! चारी बाजूंनी जागाच जागा. वहीत लिहिलं, पायरी एक्केचाळीस, आणि खाली दोन रेघा मारल्या. मी सहसा दोन रेघा मारत नाही.

आणि एकशेएकसष्ट म्हटलं ना, त्यावरही पण आलाच. छापखान्यात सोळा-सोळा पानांचा एक फर्मा असतो, दहा फर्म्यांची एकशेसाठ पानं. तुमच्या एका पानासाठी अकरावा फर्मा लावावा लागेल, पंधरा पानं कोरी जातील, एखादं पान कमी होतंय का बघा. बघितलं. आत्याचं कुठलं कापणार? टोपरं काढू की बाही काढू? शेवटी एकच पान असं सापडलं ज्यात शिवणकाम नव्हतं. माझं. आभाराचं. अहो, सव्वीस माणसांचे आभार होते त्यात, मी तीन आठवडे लिहीत होतो… काढलं. डोळे मिटून काढलं.

आणि मग उत्तर आलं, 'नमस्कार. फाइल मिळाली. छान आहे.' बास. मी खाली सरकवून बघितलं, पुढच्या पानावर असेल, काहीतरी लपलेलं असेल… नाही. पण नाही! बायकोला बोलावून दाखवलं. तिनंही बघितलं. म्हणाली, तब्येत बरी आहे ना त्यांची?

दोन दिवसांनी नमुना प्रत हातात. मी धावत आत्याकडे. तिनं वास घेतला, पानांवरून हात फिरवला, फोटोकडे बराच वेळ बघितलं, डोळ्याच्या कडेनं, कारण मधलं आता धूसर झालं होतं. आणि मग गळ्यातली टेप काढली. मला कळेना ही पुस्तकाचं माप का घेते. तिनं दोन महिन्यांच्या बाळाच्या गळ्याच्या चित्राचं पान उघडलं, टेपेचं पत्र्याचं टोक नखाखाली धरलं, आणि वळणावळणानं टेप फिरवत गेली. परत फिरवली. मग अगदी हळू विचारलं, "बाळ्या, हा गळा कोणाचा?"

म्हटलं बाळाचा.

"अर्धा गळा वीस सेंटिमीटर हवा. हा एकोणीस आहे. पुरा अडतीस होईल. डोकं अडकेल रे लेकराचं."

तुमच्या लक्षात आलं का? त्या पुस्तकात बारा चित्रं खऱ्या मापाची आहेत. वर कागद ठेवायचा, गिरवायचं, कापायचं. आणि मी शेकडा पाच… एका फटक्यात… दोन रेघा मारून. चाळीस वर्षांची मापं होती ती, तिनं दिसतंय तोवर माझ्या हातात दिलेली, आणि मी ती सगळी आवळून टाकली. त्या पुस्तकावरून शिवलेलं एकही झबलं एकाही डोक्यातून गेलं नसतं. आणि छपाई दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार होती.

बाईंना फोन लावला. मला वाटलं आता 'पण' येणार, आणि या वेळी तो माझ्या हक्काचा होता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "ही पानं मापाची आहेत हे तुम्ही कुठे लिहिलंच नव्हतंत." खरंच नव्हतं लिहिलं! दूध उतू गेल्याची वेळ लिहिणारा माणूस मी, आणि एवढी एक गोष्ट… मग त्यांनी मशीनवाल्याला सांगून आमचं काम दोन दिवस पुढे ढकललं, आणि म्हणाल्या, आत्याबाईंना फोन द्या.

मग त्या दोघी बोलल्या. पाऊण तास. मला कोणी विचारलं नाही. बाई एकेक चित्र त्यांच्याकडे छापून टेपेनं मोजत होत्या आणि आकडा सांगत होत्या, आत्या इकडे खिळ्यावरचा खाकी कागद काढून, बोटांनी मोजून, होय किंवा नाही म्हणत होती. बाराच्या बारा. मजकूर तसाच, चित्रं पुन्हा मूळ मापाला. आणि बाईंनी स्वतःच सुचवून प्रत्येक चित्राखाली एक रेघ टाकली, 'ही रेघ दहा सेंटिमीटर भरते का ते आधी मोजा.' म्हणजे पुढे कोणी माझ्यासारखा हुशार भेटला तरी वाचकाला कळावं. फोन ठेवताना आत्या त्यांना म्हणाली, तुम्ही आमच्या दुकानात असायला हव्या होतात. एवढं कौतुक तिनं माझ्या बापाचंही केलं नाही, आणि तो तिचा सख्खा भाऊ.

परवा पुस्तकं आली. आत्यानं वरचीच प्रत उचलली. टेप लावली. नखानं टोक धरून, वळणावरून… वीस. मग दिव्याखाली नेऊन पहिलं पान उघडलं आणि बसली बघत, डोळ्याच्या कडेनं, एकेक ओळ. अर्धा तास. मी ती वेळ लिहून ठेवली आहे. मग मिटलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. पण…"

पण! घरातसुद्धा!

"पण त्या बाईचे आभार कुठे मानलेस?"

आता तिला काय सांगू, त्यांनीच सांगितलं म्हणून त्यांच्या आभाराचं पान काढलं? सांगितलं. ती म्हणाली, मग उभा राहा आणि तोंडानं मान. म्हणून हा उभा आहे मी, एकशेएकसष्टावं पान. तर बाई, तुम्ही पाच वेळा फाइल परत पाठवलीत आणि पाचही वेळा बरोबर होतात. तुमच्यामुळे आमच्या आत्यानं तिचं पुस्तक तिच्या डोळ्यांनी बघितलं, आणि एका लेकराचं डोकं अडकणार नाही. मनापासून आभार. बाकीच्या पंचवीस जणांनी हेच आपापलं समजून घ्यावं…

काय झालं? नाही, बाई तिसऱ्या रांगेत हात वर करतायत. खाली घ्या हात, बाई. माहितीये मला. भाषण मिळालं, छान आहे… बोला.