गाईला चालतं, मेंढीला पळतं

जनावरांच्या दवाखान्यात आपल्या कुत्र्याला घेऊन बसलेल्या पशुखाद्यवाल्याच्या कानावर शेजारच्या बाकावरचं सासू-सुनेचं बोलणं पडत होतं.

“तांबं म्हणे! मेंढीच्या पोटात तांबं कुठून येणार गं?”

“आपणच चारलं ना, आई. गाईंच्या खनिज भुकटीत असतं ते.”

“मग गाईंना कसं काही झालं नाही?”

“गाय जास्तीचं बाहेर टाकते. मेंढीला ते जमत नाही, लिव्हरमध्ये साठत राहतं. सहा महिने साठलं आणि परवा एकदम रक्तात उतरलं.”

“आणि मी शेजारणीला सांगत फिरले, बघ कशा गुटगुटीत झाल्यात माझ्या पोरी! रोज माझ्या हाताने मूठभर घालायचे गं. ज्या तिघी गेल्या ना, त्याच आधी धावत यायच्या.”

“तुमचा काय दोष? दुकानदारच ह्यांना म्हणाला, ‘बिनधास्त न्या, गाईला चालतं ते मेंढीला पळतं!’”

या वाक्यावर पशुखाद्यवाल्याच्या दुकानात रोज कुणी ना कुणी हसायचं. त्याने मान खाली घातली.

“उरलेल्यांचं काय गं?”

“भुकटी बंद, औषध चालू. तरी साठलेलं निघायला महिने लागतील म्हणाले डॉक्टर. त्या दुकानदाराला मी सोडणार नाही.”

“जाऊ दे, बाई. त्या बिचाऱ्याला तरी कुठे माहीत असणार?”

मग सासूबाई पशुखाद्यवाल्याकडे वळल्या.

“दादा, तुम्हाला एखादं खात्रीचं दुकान ठाऊक आहे का हो?”

“नाही,” तो हळूच म्हणाला.

मालकाचा आवाज ऐकून कुत्र्याने शेपूट हलवली.