पावणा सुखरूप पोचला पायजे

...न्हाई वो, झाडावनं न्हाई पडलो! बैलानं बी न्हाई मारलं, आन् भाऊबंदकीत बी कुणी पाय मोडला न्हाई. बसा, बसा. घोंगड्यावर बसा, पलिस्तराला तेवढा धक्का लावू नका. सकाळपास्नं तुमची ही पाचवी टोळी. येणारा येतोय, पायाकडं बघतोय, 'अरारारा' म्हनतोय आन् इचारतोय, "कशानं वो, मामा?" आमची लेक अंजना च्या करून दमली, मी सांगून दमलो, पण तुमा कडेगावकरांचं इचारणं काय सपत न्हाई. ऱ्हाऊ द्या. लेकीच्या गावात पडलोय म्हणल्यावर सांगाया पायजेच. सांगतो. एकदाच सांगतो... म्हंजे पाचव्यांदा एकदाच.

तुमास्नी सांगतो, माणूस परमुलखात डोंगरात गेला की त्येनं सोताला कसं जपावं, ह्येची किताब असतीया. छापलेली! निळ्या पुठ्ठ्याची! कुणाचं पाणी प्यायचं, कुणाचं न्हाई, कुणापास्नं पळायचं, समदं लिवल्यालं. त्या किताबीनं हा पाय मोडला. वाचली दुसऱ्यानं, मोडला माझा!

आता आमचं गाव म्हंजे पाचगणीच्या खालच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. पस्तीस उंबरं. येस्टीचा फाटा पार खाली, दोन तासाची उतरंड. आन् आमच्याकडं एक रीत हाय. पावणा आला की जाताना त्येला एकटं सोडायचं न्हाई. गावातल्या एकानं फाट्यापत्तुर पोचवाया जायचं, येस्टीत बसवायचा, गाडी हालली की मगच पाठ फिरवायची. पावण्याच्या खांद्याला वझं ऱ्हाऊ द्यायचं न्हाई, ते आपण घ्यायचं. आन् वाटंला कारवी माजल्याली, तवा हातात कोयता. बापजाद्यापास्नं असंच हाय. ह्यात काय चुकतंय का, सांगा?

चुकलं ते मागं एकदा. दुष्काळाच्या आदल्या वर्साला एक मोजणीदार सायेब आलता, त्येला पोचवाया मी. निम्म्या वाटंवर एक चपटा धोंडा हाय. तितवर गेलो न् मागनं सांगावा आला, म्हस आडलीया. आता म्हस बघू का मोजणीदार? "सायेब, ही पायवाट सरळ जातीया," म्हनलं, आन् फिरलो. डोंगरातली पायवाट सरळ जाती का कवा? सायेब दोन दीस घळीत. एका मेंढक्याला घावला तवा पायात एकच बूट. गावाची अब्रू गेली, म्हस बी गेली, आन् मला नाव पडलं 'अर्ध्यावरचा केरबा'. आवं, लग्नात पंगतीला बसलो तर वाढपी इचारतोय, "केरबा, अर्धीच वाढू का?" चार वर्सं! चार वर्सं हे ऐकलंय मी. हसू नका, लय लागतं ते.

तर औंदा दिवाळी सपली, गवत वाळलं, आन् एका सांजंला डोंगरावनं एक गोरा उतरला. पाचगणीवनं चालत निगाला, धुक्यात डोंगराची सोंड चुकला आन् आमच्यात आला. सहा फूट उंच, लाल दाढी, पाठीवर पोत्याएवढी पिशवी. नाव येरिक. देश बी सांगितला त्येनं, पण आमास्नी तितं लय गारठा असतो एवढंच कळलं. रातीला माझ्या घरी उतरला.

हरणाबाईनं, म्हंजे आमच्या मंडळीनं, तांब्याभर पाणी दिलं. त्येनं पाणी बघितलं, किताब उघडली, किताब बघितली, खिशातनं एक गोळी काढली न् टाकली तांब्यात! हरणाबाई माझ्याकडं बघतीया. "आवं, आजारी हाय का ह्यो? मंग गोळी तोंडात टाकायची सोडून पाण्याला का देतुया? पाणी आजारी हाय व्हय आपलं?" मी म्हनलं, गप, पावणा हाय. मंग जेवाया बसला. किताबीत असं दिसतंय की सोलल्याबिगर काय खायचं न्हाई. तर त्या बाबानं भाकरीचा पापुद्रा सोलला, बाजूला ठिवला, आन् खालची भाकरी खाल्ली! हरणाबाईच्या उभ्या जल्मात तिच्या भाकरीचं कुणी साल काढलं न्हवतं. आन् कमरेला शर्टाच्या आत कसला तर पट्टा. निजला तरी हात त्येच्यावर. हरणाबाई म्हनली, "पोट दुखतंय जनू, ओवा देऊ का?"

सकाळच्याला लालासाहेब आलं. लालासाहेब म्हंजे आमचं पोलीस पाटील, सुभेदार हुतं, सव्वीस वर्सं फौजेत. त्येनी मला दाराबाहीर घेतलं. "केरबा! सावधान हुबा ऱ्हा. ह्यो पाव्हणा परमुलखाचा हाय. ह्येला काय झालं तर कलेक्टर येईल. ह्या येळंला जाशील तूच. तुझं नाव तूच पुसायचं. अर्ध्यावनं आलास तर गावात पाऊल टाकू नगंस. पावणा सुखरूप पोचला पायजे!" मी म्हनलं, जी. सलाम बी ठोकला. आवं, चार वर्सांनी कुणी तर माझ्या हाती पावणा दिलता! डोळ्यात पाणी आलं माझ्या, खोटं न्हाई सांगत.

निगालो. पयलं काय? रीतीपरमानं पिशवी घेतली त्येच्या खांद्यावनं. तर ह्यो "नो! नो!" मी म्हनलं, "व्हय, व्हय, असू दे." त्यो वढतोय, मी वढतोय. मला वाटलं लाजतोय! पावणा पयल्यांदा न्हाईच म्हनतो की! म्हनून मी आनी जोर लावला. शेवटाला त्येनं हिसका दिला आन् निगाला तरातरा. मी मागनं. त्येनं मागं बघितलं, पाय उचलला. मी बी उचलला. त्यो पळाया लागला! आता हितं तुमीच इचार करा, पळणाऱ्या पावण्याला एकटा सोडू? लालासाहेब कानात वरडत्यात, पावणा सुखरूप पोचला पायजे... मी पळालो. हातात कोयता, डोईला घोंगड्याची खोळ, आन् तोंडानं, "थांब! आरं थांब! एकटा जाऊ नगंस!" जेवढं मी वरडतोय, तेवढा त्यो पळतोय. जेवढा त्यो पळतोय, तेवढा मला घोर. मी कोयता वर करून दावतोय, त्या बाजूला न्हाई, ह्या बाजूला, डाव्या अंगाला घळ हाय! कोयता वर केल्यावर तर त्यो हरणागत उडालाच.

मंग मी डोकं चालिवलं. तितंच चुकलं. म्हनलं, आडवाटंनं उतरून म्होरं जाऊ न् त्येला आडवू. वाळल्यालं गवत, वर दव. तुमा ऊसवाल्यास्नी म्हाईत न्हाई, त्येच्यावर पाय ठेवणं म्हंजे तेलाच्या घाण्यावर ठेवणं. घसरलो... घसरलो... कोयता एकीकडं, घोंगडं एकीकडं, आन् मी जाऊन आदळलो एका धोंड्यावर. पायाचा आवाज झाला, वाळली काटकी मोडल्यागत. डोळं उघडून बघतोय तर धोंडा कुठला? चपटा! त्योच! म्हनलं, केरबा, सपलं. ह्या येळंला बी अर्ध्यावरच.

"आयाईगं" म्हनून बोंब मारली. फाटा तासभर खाली, गाव तासभर वर, आन् त्या वाटंला आठवड्यात चार माणसं. पावणा तर पळाल्याला. खरं सांगतो, भ्यालो. मोजणीदार कसा बसला आसल दोन दीस, ते तवा कळलं मला.

आन् कारवीतनं लाल दाढी आली बाहीर.

आला परत! लांब हुबा ऱ्हायला, बघितलं, मंग हळूहळू जवळ आला. आन् पयलं काय केलं आसल? माझा कोयता उचलला न् दिला भिरकावून झाडीत! मंग पाय बघितला. पाय बघून त्येचं तोंड उतरलं. आता फळ्या बांधाया काटक्या पायजेत, काटक्या तोडाया कोयता पायजे, मंग गेला परत कोयता हुडकाया! घटकाभर हुडकत हुता. मला हसू येतंय न् कळ बी येतीया.

बांधला पाय. मला तान लागल्याली, त्येनं आपली बाटली दिली. गोळीचं पाणी! चव अशी, जनू दवाखान्याची फरशी चाटतोय. पिलो. समदं पिलो. त्येच्याकडं थेंब न्हाई ऱ्हायला, गोळी बी सपली. तवा त्यो उठला, झऱ्याला गेला, किताबीकडं न बघता वंजळीनं पाणी प्याला. तुमास्नी सांगतो, त्येला काय बी झालं न्हाई. मला मातर दोन दीस जुलाब!

मंग पिशवी घेतली पोटावर, मला घेतलं पाठीवर, घोंगड्यानं बांधलं, आन् निगाला उतरणीला. मी काय ल्हान हाय का? दोन मण तर भरंन. दर शंभर पावलाला टेकायचा, माझ्याकडं बघायचा, परत उचलायचा. मला लाज वाटत हुती. आवं, मी माझ्या मुलखात, माझ्या वाटंवर, मोजणीदाराला टाकून गेलो. ह्यो परका, माझ्या भ्यानं पळाल्याला, त्येनं न्हाई टाकलं मला. तोंड लपवाया बी जागा न्हाई, पाठीवरच बांधल्याला मी.

फाट्यावर येस्टी आली. कंडक्टर म्हनतोय, "कुठं निगालासा?" मी वरनं सांगतोय, "पावण्याला पोचवाया आलोय!" कंडक्टरनं त्येच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कोण कुणाला पोचवतंय?" मी म्हनलं, "तू घंटी मार."

साताऱ्याला पलिस्तर केलं. डाक्तर म्हनलं, दोन म्हयनं डोंगर चढायचा न्हाई. मंग मी लेकीचा पत्ता दिला, तर ह्यो बाबा कडेगावपत्तुर आला संगं, ह्या दारापत्तुर! अंजनानं पोळी वाढली, ती त्येनं साल न काढता खाल्ली. चार. दुसऱ्या दिशी निगाला तवा मी उठाया लागलो, स्टँडपत्तुर तर पोचवू म्हनून. कुबडी घेतली हाताला. तर त्यो "नो! नो!" करत परत पळाला! जाताना किताब मातर मला दिऊन गेला. आमचं जावई हंबीरराव फौजेतनं रजंवर आल्यात, त्येनी त्यातलं इंग्रजी वाचून सांगितलं. तांबड्या शाईनं तीन रेघा मारल्याल्या. एक: न इचारता जो सामान उचलाया धावतो, त्येच्यापास्नं सावध. दोन: न बोलवता जो वाट दावाया येतो, त्येच्या संगं जाऊ नगा. तीन: हातात हत्यार आसंल तर इचार करू नगा, पळा.

हंबीरराव किताब मिटून म्हनलं, "मामा, ह्येनी तीन माणसं लिवल्यात. तुमी एकटंच तिन्ही की वो!"

ऱ्हाऊ द्या. पाय मोडल्याचं गावाला कळिवलं हुतं, काल लालासाहेबांचं कारड आलं. पायाचं काय सुदीक न्हाई, एकच ओळ. "केरबा, पावणा सुखरूप पोचला का? उलट टपाली कळव." आता ह्येला काय कळवू? त्यो ममईला गेला, का त्येच्या गारठ्याच्या देशाला गेला, का आनी कुठल्या डोंगरात कुणी त्येला पोचवाया मागं लागलाय, मला काय म्हाईत? इचार करून करून रातीला हंबीररावास्नी म्हनलं, लिवा...

"लालासाहेबास्नी सलाम. पावण्याचं काय कळलं न्हाई. पण मी सुखरूप पोचलोय."